उजनीच्या पाण्याखालची गावठाणे : आमच्या ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत आणि माढा तालुक्यांतील उजनी धरणग्रस्त गावांच्या ग्रामसभा, सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळांचे मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार.

ज्या उन्हाळ्यात उजनी फार मायनसमध्ये जाते, म्हणजे धरणातले पाणी कायम राखून ठेवायच्या पातळीच्याही बरेच खाली उतरते, त्या उन्हाळ्यात पळसदेवच्या पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते, कुगावच्या वाड्याच्या भिंती पाण्याबाहेर येतात आणि लांबलांबून माणसे गाड्या करून ते पाहायला येतात. होड्या लागतात, ड्रोन उडतात आणि दोन दिवसांत ती दृश्ये घरोघरच्या मोबाइलवर पोहोचतात. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ते मंदिर खरोखरच पाहण्यासारखे आहे. मात्र २०२४ च्या उन्हाळ्यात मी काठावर उभा असताना शेजारी एक वृद्ध बाई डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभ्या होत्या आणि गाळाकडे बोट दाखवून आपल्या नातवाला सांगत होत्या, "त्ये दोन दगड दिसत्यात न्हवं, त्यो आपल्या जुन्या घराचा उंबरा." नातवाने तिकडे पाहिले, मान हलवली आणि मोबाइल पुन्हा मंदिराकडे वळवला. आजूबाजूच्या एवढ्या माणसांपैकी कोणीही त्या बाईंना पुढचा प्रश्न विचारला नाही. मीही विचारला नाही. ती बोच अजून गेलेली नाही, म्हणून हे पत्र.

मी याच पाणफुगवट्यातल्या एका गावचा. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते थोड्याफार फरकाने आपल्या सगळ्या गावांना लागू आहे. जुने गावठाण सुटले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यामुळे माझ्या आठवणी मुलाच्या उंचीवरच्या आहेत : चावडीच्या पायऱ्या, नदीच्या उताराची माती, आणि सामान भरलेल्या बैलगाडीत सगळ्यांत वर ठेवलेले जाते. जमिनीचे मोजमाप कसे झाले, नोटिसा कोणी वाचून दाखवल्या, गावाची बैठक कुठे बसली, कोण आधी उठले आणि कोण पाणी अंगणात येईपर्यंत थांबले, हे सांगू शकणारी माणसे माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठी आहेत. ती आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्याही आधीची पिढी, जिने जुन्या गावात संसार केला, ती प्रत्येक गावात आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहे.

भीमा नदीवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, हे आकडे आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही पाठ असतात, कारण उसाचे आवर्तन आणि बागांचे भवितव्य त्यांच्यावर ठरते. परंतु अर्ध्याहून अधिक पाणी मृतसाठा म्हणून कायम धरून ठेवायचे असल्यामुळे नदीला खेटून असलेली गावठाणे पाणी अगदी तळाला गेल्याखेरीज दिसतच नाहीत, आणि दिसली तरी काही आठवड्यांपुरतीच. त्या काळातही ती सुखरूप नसतात. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते, ट्रॅक्टर फिरतो, आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षे पाण्याखाली टिकलेले घराचे जोते एका नांगरटीत विस्कटते. गाळपेर करणाऱ्याला मी दोष देत नाही, कारण ज्याची जमीन गेली त्यानेच ती पुन्हा पेरावी यात काही गैर नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की नांगर फिरण्यापूर्वी ते जोते कोणाच्या घराचे होते हे कुठेतरी लिहिले गेले पाहिजे.

सरकारदरबारी आपल्या गावांची नोंद नाही असे नाही. भूसंपादनाच्या निवाड्यांत सर्व्हे नंबर आहे, क्षेत्र आहे, विहीर आहे, झाडे मोजलेली आहेत, घराचे मूल्यांकन आहे. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, पुढे १९८६ आणि १९९९ चे नवे कायदे आले, आणि त्या प्रत्येकाबरोबर कागद वाढले. हे कागद मोलाचे आहेत आणि तेही मिळवून ठेवले पाहिजेत. मी स्वतः जुन्या गावठाणाचा नकाशा मिळावा म्हणून एका कार्यालयात तीन वर्षे अर्ज करत होतो, अखेर तो सापडत नसल्याचे मला तोंडी सांगण्यात आले. पण तो नकाशा मिळाला असता तरी त्यात काय असते याचाही विचार केला पाहिजे. गट क्रमांक असतो, पण त्या शेताला गाव 'चिंचेची पट्टी' म्हणत होते की 'जोडविहिरीचा मळा', हे नसते. आंब्याच्या झाडांची संख्या असते, पण त्यातला कोणता आंबा लोणच्याचा म्हणून सगळ्या आळीला वाटला जात असे, हे नसते. नदीवर बायकांचा घाट कुठे होता आणि तिथे कोणाला पाणी भरू दिले जात नव्हते, हे तर कोणत्याच निवाड्यात सापडणार नाही.

तोंडी आठवणींवर विश्वास कसा ठेवायचा, असे मला आमच्या गावच्या एका सुशिक्षित सदस्यांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर एका अनुभवातूनच देतो. आमच्या जुन्या गावातला पिंपळाचा पार मारुतीच्या देवळाच्या कोणत्या बाजूला होता, यावर दोन वृद्धांचा वाद झाला. एक म्हणत होते उजव्या हाताला, दुसरे ठामपणे म्हणत होते डाव्या हाताला, आणि दोघांचेही वय ऐंशीच्या घरात. मी दोघांचे बोलणे स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केले. नंतर लक्षात आले की पहिल्यांचे घर वेशीकडे होते, तर दुसऱ्यांचे नदीकडे. दोघेही समोरासमोरच्या वाटांनी देवळापाशी येत होते आणि एकाच पाराबद्दल बोलत होते. त्यानंतर गावकुसाबाहेरच्या वस्तीत लहानाच्या मोठ्या झालेल्या एका आजींना मी तोच प्रश्न विचारला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पारावर आमी कवा चढलोच न्हाई. पर सकाळच्या पारी त्येची सावली आमच्या वाटंवर पडायची, तेवढी ध्यानात हाय."

सकाळची सावली पश्चिमेला पडते, म्हणजे पार त्यांच्या वाटेच्या पूर्वेला होता. उन्हाळ्यात देवळाचा चौथरा उघडा पडला तेव्हा आम्ही जाऊन पाहिले, तर पाराचे दगड नेमके तिथेच निघाले. तीन माणसांच्या तीन आठवणींतून पाराची जागा निश्चित झाली, आणि त्याबरोबर गावाची रचनाही कळली : कोण कोणत्या वाटेने येत असे, कोणाला कुठपर्यंत येता येत होते आणि कोणाला येता येत नव्हते. आठवणीत चूक असतेच. म्हणून ती गोळा करायची नाही असे नव्हे, तर एकाच गोष्टीसाठी अनेकांना विचारायचे, प्रत्येक जण कुठे उभा राहून पाहत होता हे लिहून ठेवायचे, आणि दोन कथने जुळली नाहीत तर त्यांतले एक पुसून न टाकता दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायची.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करत होते आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची साधने आज आपल्या हाती आहेत. त्या कष्टांपुढे मी नेहमीच नतमस्तक होतो. पण दप्तर सापडते ते ज्याच्या घरी लिहिणे होते त्याच्या घरी, म्हणजे देशमुख, पाटील, कुलकर्णी, इनामदार यांच्या वाड्यांत. कुंभाराच्या, भोयाच्या, मांगाच्या, पारध्याच्या घरी रुमाल बांधून ठेवलेले दप्तर नसते, आणि पाटलाच्या वाड्यातही त्या घरच्या सुनेने स्वतः लिहिलेले क्वचितच काही सापडते. त्यांचा इतिहास बोलण्यातच आहे. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारी येऊन कुळाच्या पिढ्या म्हणून दाखवत असत, ती परंपराही आता क्षीण झाली आहे. दुसरीकडे, केवळ तोंडी परंपरेतून केवढे भांडार उभे राहू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी कार्यकर्त्या बायकांच्या साहाय्याने खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यातून सासर-माहेर, दुष्काळ, शेती, देव, जात या सगळ्यांबद्दल बायका काय म्हणत होत्या हे आज कोणालाही वाचता आणि ऐकता येते. माझ्या आईला शेकड्याने ओव्या येत होत्या. नवे गावठाण बसले, पिठाची गिरणी आली, जाते अंगणात उपडे पडले आणि ओव्या थांबल्या. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिचा आवाज माझ्याकडे एका लग्नाच्या चित्रफितीत आहे, त्यात ती एवढेच म्हणते, "जेवून घ्या की."

आता छायाचित्रांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त नासधूस त्यांचीच होत आहे. त्या काळात गावाचे छायाचित्र कोणी मुद्दाम काढत नव्हते. माणसे तालुक्याच्या गावी स्टुडिओत जात, रंगवलेल्या पडद्यापुढे उभी राहत आणि त्या पडद्यावर कारंजे किंवा महाल असे. गाव छायाचित्रात आले ते चुकून : वरातीच्या मागची भिंत, शाळेच्या गटचित्रामागची विहीर, बैलपोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांमधून दिसणारी वेस. म्हणून जुने छायाचित्र हाती आले की चेहऱ्यापुरते कापून घेऊ नका. आपल्या दृष्टीने अनेकदा मागचा भागच जास्त मोलाचा असतो. माझ्याकडे १९७४ चे आमच्या शाळेचे एक गटचित्र आहे. त्यात ३१ मुले आहेत, त्यांतल्या २७ जणांची नावे आम्ही जुळवली. पण मला सर्वांत मोठा लाभ झाला तो मागे अर्धवट दिसणाऱ्या मोटेच्या विहिरीचा, कारण त्या विहिरीची दुसरी कोणतीही प्रतिमा आता उरलेली नाही.

ही छायाचित्रे आज कुठे आहेत, तर लोखंडी पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, किंवा काचेच्या फ्रेममध्ये पावसाळ्याच्या ओलीने काचेला चिकटून बसलेली. काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसह त्याचे चित्र घ्यावे. कृष्णधवल प्रती नीट ठेवल्यास टिकतात, पण ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रती लालसर होत फिकट पडत चालल्या आहेत, म्हणून आधी त्या हाताळाव्यात. चिकट कागदाच्या अल्बममधली चित्रे वर्षागणिक अधिक घट्ट बसतात. शक्य असेल तिथे स्कॅनरवर ६०० डीपीआयने प्रत काढावी, आणि स्कॅनर नसेल तर सावलीत, फ्लॅशशिवाय, मोबाइल अगदी समांतर धरून पुढची बाजू, मागची बाजू आणि कडा अशी तीन चित्रे घ्यावीत. मागे लिहिलेला मजकूर, स्टुडिओचा शिक्का, तारीख हे सगळे पुराव्याचेच भाग आहेत. नावे लिहायची तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहावीत, बॉलपेनाचा दाब पुढे उमटतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना चित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, नाहीतर त्यातला निम्मा तपशील वाटेतच नाहीसा होतो. मूळ प्रत त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, मालकाच्या हाती परत गेली पाहिजे. तालुक्याच्या गावातला एक जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह पोत्यांत भरून टाकून दिल्या गेल्या. मला कळले तेव्हा आठवडा उलटून गेला होता. असे स्टुडिओ आपल्या परिसरात अजून काही उरले असतील, त्यांच्या मालकांशी ग्रामपंचायतीने आजच बोलावे.

छायाचित्राबरोबर वस्तूही पाहाव्यात. गाव उठताना लोकांनी घरे मोडून वासे, तुळया आणि दाराच्या चौकटी सोबत नेल्या. आजही नव्या गावठाणात सिमेंटच्या भिंतीत जुनी सागवानी चौकट बसवलेली घरे आहेत, आणि घरकुलाच्या बांधकामात त्याही निघून चालल्या आहेत. त्या चौकटीपाशी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला उभे करून एक छायाचित्र काढावे आणि ती चौकट कशी आणली एवढेच विचारावे. मी असे अकरा घरांत केले. "आठवणी सांगा" म्हटल्यावर ज्या माणसाने "आता काय आठवायचं" म्हणून हात झटकले होते, तोच माणूस चौकटीवर हात ठेवताच सव्वा तास बोलत होता.

आठवणी नोंदवताना काही पथ्ये पाळावी लागतील. विचारायचे कमी आणि ऐकायचे जास्त. सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचे नाव, वय, माहेर आणि जुन्या गावातल्या घराची जागा मोठ्याने म्हणून घ्यावी. बोलीत जे येते ते तसेच राहू द्यावे, लिहिताना त्याचे पुस्तकी मराठी करू नये. बाईंना विचारायचे असेल तर घरातले पुरुष तिथे नसतील अशी वेळ निवडावी, कारण शेजारी मुलगा किंवा दीर बसला की उत्तरे तेच देतात. बोलण्यात जुने वाद येतील : मोबदला कोणाला जास्त मिळाला, चांगला भूखंड कोणी घेतला, भावाने भावाची सही कशी केली. त्यातले काय खुले ठेवायचे आणि काय बोलणाऱ्याच्या हयातीत बंद ठेवायचे, हे बोलणाऱ्यानेच ठरवायचे आणि ते ध्वनिमुद्रणातच सांगायचे. काही जणांना रडू येते. तेव्हा यंत्र बंद करून पाणी द्यावे आणि त्या दिवशी पुन्हा सुरू करू नये.

एका गावाने एकट्याने हे काम पुरे होणार नाही. काही कुटुंबांना लाभक्षेत्रात दूर जमिनी मिळाल्या, काही पुण्या-मुंबईला गेली, आणि एकाच आळीतली माणसे आज तीन तालुक्यांत विखुरली आहेत. डिकसळच्या जुन्या पुलाच्या दोन्ही बाजूंच्या गावांचे सोयरसंबंध नदी पायी ओलांडता येत होती त्या दिवसांतले आहेत, आणि एका काठावरच्या गावाची आठवण पुष्कळदा समोरच्या काठावर नांदायला गेलेल्या लेकीकडेच असते. धरणानंतर आलेल्या मासेमारांच्या वस्त्यांनाही यात जागा हवी, कारण पाण्याखालचे चौथरे आणि भिंती कुठे आहेत हे जाळी फाटू नयेत म्हणून तेच सर्वांत अचूक ओळखतात. भिगवणला रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना होडीतून नेणारे तरुणही हीच जागा रोज ओलांडतात. आपल्या होडीखाली कोणते गाव आहे, हे सांगण्यासारखे काही आपण त्यांच्या हाती दिले पाहिजे.

आता माझी प्रत्यक्ष विनंती. प्रत्येक ग्रामसभेने एक ठराव करावा आणि त्यानुसार एक छोटी समिती नेमावी. तिच्यात निम्म्या बायका असाव्यात आणि गावातल्या प्रत्येक वस्तीचा माणूस असावा. समितीने पहिल्या महिन्यात दुसरे काहीही न करता पंचाहत्तरीपुढच्या सर्व व्यक्तींची यादी करावी, आणि जे आजारी आहेत त्यांच्यापासून सुरुवात करावी. माध्यमिक शाळांनी नववीच्या मुलांना आपापल्या आजी-आजोबांशी बोलण्याचे काम द्यावे. मात्र ते केवळ गुणांचा प्रकल्प होऊ नये यासाठी एका शिक्षकाने प्रत्येक ध्वनिमुद्रण स्वतः ऐकावे. खर्च फार नाही. एक बरा ध्वनिमुद्रक, एक स्कॅनर आणि तीन हार्ड डिस्क एवढ्यात एका गावाचे काम होते, आणि तेवढी तरतूद ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात एका ओळीने बसू शकते. एक प्रत ग्रामपंचायतीत, दुसरी शाळेत आणि तिसरी गावाबाहेर, एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा ग्रंथालयाच्या ताब्यात असावी. ग्रामपंचायतीची सत्ता बदलली म्हणून कपाटाची किल्ली हरवू नये, यासाठी ही तिसरी प्रत अत्यावश्यक आहे.

शेवटची आणि सर्वांत तातडीची गोष्ट उन्हाळ्याची. ज्या वर्षी पाणी पुरेसे उतरेल त्या वर्षी मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, गाळ वाळून कडक झाल्यावर, चालू शकणाऱ्या वृद्धांना सकाळी सातच्या आत जुन्या गावठाणात न्यावे. सोबत पाणी, छत्री, बसायला खुर्ची आणि एक डॉक्टर असावा, ओल्या गाळाकडे कोणी फिरकू नये. त्यांनी चालत जाऊन दाखवावे आणि मुलांनी मागोमाग चुन्याने रेषा मारावी : हे अमक्याचे घर, ही बोळ, इथे तालीम, इथे आड. वरून एक छायाचित्र घेतले की जो नकाशा मला तीन वर्षे मिळाला नाही तो एका सकाळीत तयार होईल. त्यासाठी ड्रोन आणावाच लागेल, आणि या वेळी तो मंदिराबरोबर घरांवरूनही फिरेल.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत आमच्या गावी हा विषय मी लेखी अर्जाने मांडत आहे. माझ्याजवळची २४ छायाचित्रे, त्यांवरच्या नावांची यादी आणि माझ्या आत्याबाईंचे साडेतीन तासांचे ध्वनिमुद्रण त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या स्वाधीन करीन. आत्याबाई ८४ वर्षांच्या आहेत. पाणी उतरले तर जुन्या गावठाणात येण्याची त्यांची तयारी आहे, फक्त काठापर्यंत जीप लागेल आणि तिथून पुढे कोणीतरी हात धरावा लागेल.

आपला,
जुन्या गावठाणात जन्मलेला एक ग्रामस्थ